मूल्यांचं राजकारण आणि फोनची तार : रामकृष्ण हेगडे, १९८५ ते १९८८

आजचा भाग बंगळूरच्या एका उपनगरी निवडणुकीवर आहे आणि त्या निवडणुकीत जिंकलेल्या माणसाचं पुढे काय झालं, यावर. माणूस म्हणजे रामकृष्ण हेगडे. वर्ष १९८५. मतदारसंघ बसवनगुडी.

आपल्यापैकी पुष्कळांना हेगडे म्हटलं की बेळगाव आठवेल. जून १९८६ मध्ये कन्नड सक्तीविरुद्ध सीमाभागात आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात आपली माणसं गेली, तेव्हा कर्नाटकचे मुख्यमंत्री हेगडेच होते. ती जखम खरी आहे आणि तिच्यावर स्वतंत्र भाग करावा लागेल. पण त्याच काळात महाराष्ट्राबाहेरची वृत्तपत्रं याच माणसाकडे स्वच्छ राजकारणाची आशा म्हणून, देशाचा संभाव्य पंतप्रधान म्हणून पाहत होती. ही दोन्ही चित्रं एकाच माणसाची आहेत. त्यातलं दुसरं चित्र कसं पुसलं गेलं, ते आज पाहू.

आधी जागा समजून घेऊ

बंगळूरच्या जुन्या पेठेबाहेर १८९० च्या दशकात दोन वसाहती आखल्या गेल्या. उत्तरेला मल्लेश्वरम, दक्षिणेला बसवनगुडी. १८९८ मध्ये प्लेग आला. आपल्याकडे पुण्यात १८९७ मध्ये ज्या साथीने हाहाकार केला, रँडचा वध ज्या पार्श्वभूमीवर झाला, तीच साथ. पेठेतल्या दाटीवाटीच्या गल्ल्या सोडून माणसं या मोकळ्या वसाहतींकडे वळली. सरळ रस्ते, आडवे क्रॉस, घरापुढे अंगण, मागे विहीर. शिक्षक, कारकून, वकील, बँकेतले नोकरदार इथे स्थिरावले.

मल्लेश्वरमला नाव मिळालं ते काडू मल्लेश्वर मंदिरावरून, आणि तिथे मराठी माणसाने थोडं थांबायला हवं. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, म्हणजे एकोजीराजे, यांच्या देणगीचा १६६९ चा शिलालेख या मंदिराशी जोडलेला आहे. तेव्हा हे शहर आपल्याला वाटतं तितकं परकं नाही.

मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही जुळी भावंडं. पेपर वाचणारा, सरकारी कचेरीचा अनुभव असलेला, मत देताना स्वतःच्या डोक्याने विचार करणारा मतदार दोन्हीकडे. आपल्या पार्ल्याला, डोंबिवलीला किंवा सदाशिव पेठेला ज्या अर्थाने आपण मध्यमवर्गी म्हणतो, त्याच अर्थाने. ‘मूल्याधिष्ठित राजकारण’ हा शब्द ज्यांच्या कानाला गोड लागतो, अशी ही वस्ती.

दहा आठवड्यांत फिरलेलं मत

हेगडे हे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्धापूर तालुक्यातले. जन्म १९२६. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. काशी विद्यापीठात शिक्षण, लखनौला कायद्याची पदवी. १९५७ मध्ये आमदार, पुढे निजलिंगप्पा आणि वीरेंद्र पाटील यांच्या मंत्रिमंडळात. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा ते इंदिराबाईंच्या विरोधी गटात राहिले. आणीबाणीत तुरुंगात गेले.

जानेवारी १९८३ मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा काँग्रेसचा पराभव झाला. २२४ पैकी जनता पक्षाला ९५ जागा, भाजपला १८. गुंडूराव गेले, हेगडे मुख्यमंत्री झाले. ते तेव्हा आमदारही नव्हते. त्यांच्यासाठी कनकपुराची जागा रिकामी केली ती पी. जी. आर. सिंधिया यांनी. आडनावावरून ओळखलं असेल, कर्नाटकातल्या मराठा समाजातले नेते.

मग डिसेंबर १९८४. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची लोकसभा निवडणूक. कर्नाटकात २८ पैकी २४ जागा काँग्रेसला, जनता पक्षाला फक्त ४. हेगडे यांनी काय केलं? राज्यात सरकार होतं, विधानसभेची मुदत शिल्लक होती. तरीही लोकांनी आपल्याला नाकारलं, असा त्याचा अर्थ लावून त्यांनी राजीनामा दिला आणि नव्याने कौल मागितला.

त्या चार जागांपैकी एक होती बंगळूर दक्षिण. तिथून जनता पक्षाचे व्ही. एस. कृष्ण अय्यर लाटेच्या विरोधात निवडून आले होते. बसवनगुडी याच भागातली. मार्च १९८५ मध्ये हेगडे कनकपुरा सोडून बसवनगुडीतून उभे राहिले. लाट असतानाही जो भाग आपल्या बाजूने राहिला, तिथे जाणं हा साधा हिशेब होता.

निकाल लागला. जनता पक्षाला १३९ जागा. भाजप १८ वरून २ वर. बसवनगुडीतून हेगडे विजयी. म्हणजे डिसेंबरमध्ये ज्या मतदारांनी राजीव गांधींना डोक्यावर घेतलं, त्यांनीच मार्चमध्ये हेगडे यांना बहुमत दिलं. महाराष्ट्रातही असंच काहीसं घडलं. लोकसभेला ४८ पैकी ४३ जागा जिंकणारी काँग्रेस विधानसभेला २८८ पैकी १६१ वर थांबली. पण सत्ता टिकली. कर्नाटकात मात्र मतदाराने दिल्ली वेगळी आणि बंगळूर वेगळं, असं स्पष्ट सांगितलं. भारतीय निवडणुकांच्या अभ्यासात हे उदाहरण आजही दिलं जातं.

जमेची बाजू

आता न्यायाने बोलायचं तर या सरकारने केलेली कामं पोकळ नव्हती. लोकायुक्त कायदा १९८४ चा. महाराष्ट्रात लोकायुक्त आधीपासून होते, १९७१ च्या कायद्याने. पण कर्नाटकच्या लोकायुक्तांना पोलीस यंत्रणेची जोड मिळाली आणि पुढे त्या पदाचा दरारा निर्माण झाला. जिल्हा परिषद आणि मंडल पंचायतींचा कायदा झाला, जानेवारी १९८७ मध्ये निवडणुका झाल्या, स्त्रियांसाठी पंचवीस टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. अब्दुल नझीर साब हे ग्रामविकास मंत्री. गावोगावी बोअरवेल खणल्या म्हणून लोक त्यांना ‘नीर साब’ म्हणत. नीर म्हणजे पाणी. ७३ वी घटनादुरुस्ती पुढे १९९२ मध्ये झाली, त्याच्या आधीचा हा प्रयोग.

पहिला राजीनामा, तीन दिवसांचा

फेब्रुवारी १९८६. अरक म्हणजे तिकडची देशी दारू. ती बाटल्यांत भरण्याची कंत्राटं सरकारने ज्या पद्धतीने दिली, त्यावर कर्नाटक उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले. १३ फेब्रुवारीला हेगडे यांनी राजीनामा दिला. पक्षाने गळ घातली, आणि १६ फेब्रुवारीला त्यांनी तो मागे घेतला.

याच सुमारास मुंबईत काय चाललं होतं पाहा. १९८२ मध्ये सिमेंट प्रकरणात न्यायमूर्ती लेंटिन यांच्या निकालानंतर अंतुले गेले होते. मार्च १९८६ मध्ये, म्हणजे हेगडे यांच्या राजीनाम्यानंतर काही आठवड्यांतच, एम.डी. परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणात न्यायालयाने ताशेरे ओढले आणि शिवाजीराव पाटील निलंगेकरांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. ते परतले नाहीत. हेगडे तीन दिवसांत परतले.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. १९८४ चा राजीनामा मतदारांपुढे गेला. मतदारांनी तो वाचला आणि उत्तर दिलं. १९८६ चा राजीनामा पक्षाच्या बैठकीत गेला आणि तिथूनच परत आला. दिसायला दोन्ही सारखे, पण पहिल्यात जोखीम होती. दुसऱ्यानंतर विरोधक उघड म्हणू लागले की हे राजीनाम्याचं नाटक आहे. बसवनगुडीच्या मतदाराने ज्या शब्दावर मत दिलं होतं, त्या शब्दाला पहिला तडा इथे गेला.

फोनची तार

पक्षात धुसफूस सुरू झाली होती. पाटबंधारे मंत्री एच. डी. देवेगौडा यांनी सिंचनाला पुरेसा पैसा मिळत नाही म्हणून १९८७ मध्ये मंत्रिपद सोडलं. दिल्लीत बोफोर्स गाजत होतं, व्ही. पी. सिंह काँग्रेसबाहेर पडले होते, विरोधकांची नवी मोट बांधली जात होती, आणि तिचं नेतृत्व कोणी करायचं या चर्चेत हेगडे यांचं नाव वरच्या ओळीत होतं.

अशा वेळी १९८८ मध्ये अजित सिंह आणि देवेगौडा यांचं फोनवरचं बोलणं वर्तमानपत्रात छापून आलं. बोलणं पक्षांतर्गत डावपेचांचं. पण लोकांच्या मनात प्रश्न वेगळाच आला. दोन नेत्यांचं खाजगी बोलणं तिसऱ्याने ऐकलं कसं? सुब्रमण्यम स्वामी यांनी हे प्रकरण लावून धरलं. राजकीय नेते आणि उद्योजक यांचे फोन कर्नाटक सरकारच्या यंत्रणेने ऐकल्याचा तपशील संसदेत आला. केंद्रातल्या काँग्रेस सरकारला बोफोर्सच्या गदारोळात हे आयतं हत्यार मिळालं, हेही खरं. पण हत्यार विरोधकाने उचललं म्हणून ते खोटं ठरत नाही. १० ऑगस्ट १९८८ रोजी हेगडे यांनी राजीनामा दिला. यावेळी तो मागे घेतला नाही. एस. आर. बोम्मई मुख्यमंत्री झाले.

हे घडू कसं शकलं? कायदा होता १८८५ चा, तारेच्या जमान्यातला टेलिग्राफ कायदा. त्याच्या कलम ५(२) प्रमाणे सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कारणांसाठी केंद्र किंवा राज्य सरकार संदेश अडवू शकत होतं. पण आदेश कोणी द्यायचा, किती दिवसांसाठी, नंतर तपासायचं कोणी, याचे नियमच केलेले नव्हते. दार होतं, कडी नव्हती. आणि आणीबाणीत स्वतः तुरुंग भोगलेला माणूस सत्तेवर असतानाही ते दार बंद झालं नाही. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात गंभीर बाब हीच आहे. हेगडे यांनी स्वतः किती आदेश दिले, यापेक्षा त्यांच्या राज्यात ही सोय तशीच वापरात राहिली, हे महत्त्वाचं.

नंतरची वाट

११ ऑक्टोबर १९८८ रोजी जनता दलाची स्थापना झाली, तीही बंगळूरमध्येच. पण नेतृत्व व्ही. पी. सिंह यांच्याकडे गेलं. एप्रिल १९८९ मध्ये बोम्मई सरकार बरखास्त झालं. त्यातून राष्ट्रपती राजवटीला चाप लावणारा १९९४ चा प्रसिद्ध बोम्मई निकाल आला. १९८९ च्या विधानसभेत काँग्रेसने २२४ पैकी १७८ जागा जिंकल्या. आणि लोकसभेला बंगळूर दक्षिणमधून कोण निवडून आलं? गुंडूराव. ज्यांना हटवून हेगडे आले होते, तेच. उपनगराने आपलं मत फिरवलं होतं.

हेगडे दिल्लीत नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. पण सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या चौकशी आयोगाने २२ जून १९९० रोजी अहवाल दिला. अनिवासी भारतीयांच्या गृहप्रकल्पासाठीच्या जमिनीच्या व्यवहारात त्यांना दोषी धरलं गेलं आणि तेही पद गेलं. अरुण शौरी यांनी या अहवालावर अग्रलेखातून कडक टीका केली, त्यावर न्यायालयाच्या अवमानाचा खटला झाला आणि तो २०१४ पर्यंत चालला. आयोगाचा अध्यक्ष न्यायमूर्ती असला तरी आयोग म्हणजे न्यायालय नव्हे, असा निकाल लागला.

१९९६ मध्ये देवेगौडा पंतप्रधान झाले आणि त्याच सुमारास हेगडे यांना जनता दलातून काढण्यात आलं. त्यांनी लोकशक्ती पक्ष काढला, वाजपेयी सरकारात वाणिज्य मंत्री झाले. १२ जानेवारी २००४ रोजी बंगळूरमध्ये त्यांचं निधन झालं.

मग उरलं काय?

१८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फोनवरचं बोलणं हा खाजगीपणाचा भाग आहे, असं सांगून नियम घालून दिले. आदेश गृहसचिवाचाच हवा, मुदत दोन महिने, वाढवली तरी एकूण सहा महिन्यांच्या आत, आणि वर पुनर्विलोकन समिती. हा निकाल देणारे न्यायमूर्तीही कुलदीप सिंहच. पुढे २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला, तो ज्यांच्या नावाच्या खटल्यात, ते के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश.

आणि दुसरी बाजूही पाहा. २०११ मध्ये खाण घोटाळ्यावर लोकायुक्त संतोष हेगडे यांनी अहवाल दिला आणि मुख्यमंत्री येडियुरप्पांना पायउतार व्हावं लागलं. नावसाधर्म्य सोडा, दोघांचं नातं नाही. पण संस्था रामकृष्ण हेगडे यांच्या काळात उभी राहिलेली होती.

म्हणून बसवनगुडीच्या त्या मतदाराला आपण फसलेला म्हणू नये. त्याने चांगल्या माणसाला मत दिलं आणि चांगला माणूस पुरेसा ठरला नाही, इतकंच. त्याच्या मताचं जे टिकलं ते कायद्यात आणि संस्थेत टिकलं. उद्या आपल्याकडे कोणी स्वच्छतेचं नाव घेऊन मत मागायला आला, तर त्याला एक प्रश्न जरूर विचारा. तुमच्यावर नजर ठेवण्याची कोणती सोय तुम्ही करणार आहात? उत्तर नीट ऐका.

पुढच्या भागात बोम्मई खटला सविस्तर पाहू.