गिअरपेटी (मालट्रक)

गिअरपेटी (प्रचलित नाव : गिअरबॉक्स) हा मालट्रकच्या शक्तिवहन यंत्रणेतील क्लच व प्रोपेलर शाफ्ट यांच्या मधला भाग होय. इंजिनाची गती कमी करून चाकांना मिळणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढवणे हे तिचे मुख्य कार्य आहे. भरलेला ट्रक जागेवरून हलवताना पहिल्या गिअरमध्ये हा जोर सहा-सात पट किंवा त्याहूनही अधिक वाढवला जातो. लाखो किलोमीटर धावलेल्या ट्रकमध्ये गिअरपेटी निकामी होणे हा खर्चिक बिघाड समजला जातो. मात्र क्लच, गिअर लिव्हरची जोडणी किंवा मागील धुरा यांतील दोषही गिअरपेटीच्या बिघाडासारखेच भासतात. त्यामुळे पेटी उतरवण्यापूर्वी योग्य निदान होणे आवश्यक असते.

पार्श्वभूमी

दाते एकमेकांत सहज बसवणारी सिंक्रोमेश रचना १९२८ मध्ये कॅडिलॅक मोटारींमध्ये आली. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली पहिली पूर्ण स्वयंचलित गिअरपेटी, हायड्रामॅटिक, जनरल मोटर्सने १९३९ मध्ये बाजारात आणली. भारतात टेल्को (आताची टाटा मोटर्स) कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवण्यास प्रारंभ केला. भारतीय मालट्रकमध्ये हाताने बदलायच्या गिअरपेटीचेच प्राबल्य राहिले. अलीकडे क्लच व गिअर यंत्राद्वारे हाताळणारी स्वयंचलित-मानवी (एएमटी) पेटी काही ट्रक व टिपरमध्ये दिली जाते.

मुरगूड परिसरातील वापर

कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातील मुरगूड हे वेदगंगा नदीच्या खोऱ्यातील शहर आहे. परिसरात बिद्री, हमिदवाडा व कागल येथे साखर कारखाने असून गळीत हंगामात ऊसवाहतूक ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली व बैलगाडी यांनी होते. फडातल्या मऊ जमिनीतून भरलेला ट्रक बाहेर काढताना गिअरपेटीवर मोठा ताण येतो. चाक मातीत जागेवरच फिरते आणि कडक जमीन लागताच एकाएकी पकड घेते; हा धक्का थेट गिअरच्या दात्यांवर बसतो. निपाणीहून मुरगूड, मुदाळतिट्टा व राधानगरीमार्गे कोकणात उतरणाऱ्या मार्गावर फोंडा घाट लागतो. अशा उतारावर खालच्या गिअरमधील इंजिनाचा रोध ब्रेकचा भार हलका करतो. उतरताना गिअर आपोआप सुटल्यास हा रोध नाहीसा होऊन सर्व भार ब्रेकवर पडतो. म्हणून ‘गिअर सटकणे’ हा दोष सुरक्षिततेच्या दृष्टीने गंभीर मानला जातो.

बिघाडाची कारणे

* तेल कमी होणे : सील गळल्याने किंवा वेळेवर तेल न बदलल्याने बेअरिंग व दाते झिजतात.
* अयोग्य तेल : काही जीएल-५ दर्जाच्या तेलांतील गंधकयुक्त रसायने पितळी सिंक्रोनायझर कड्यांना अपायकारक ठरतात. उत्पादकाने सांगितलेलाच दर्जा वापरणे अपेक्षित असते.
* अतिभार : मर्यादेपेक्षा अधिक मालामुळे दात्यांवर खळगे पडतात व कालांतराने दाते तुटतात.
* चालवण्याच्या सवयी : अर्धवट क्लच दाबून गिअर टाकणे, तसेच प्रवासात हात सतत लिव्हरवर ठेवणे यांमुळे सिंक्रोनायझर व गिअर सरकवणारा फोर्क झिजतो.

निदान

निदानाची सुरुवात पेटीबाहेरच्या भागांपासून केली जाते. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात, पण चालू इंजिनावर खरखरतात, असे आढळल्यास दोष बहुधा क्लच पूर्ण न सुटण्यात असतो. इंजिनाचा वेग वाढूनही गाडीचा वेग वाढत नसेल, तर क्लच प्लेट घसरत असण्याची शक्यता अधिक असते.

गिअर पडूनही ट्रक हलत नसेल, तर प्रोपेलर शाफ्ट पाहिला जातो. तो फिरत असून चाके स्थिर असतील, तर हाफ शाफ्ट किंवा डिफरेन्शियल तुटलेले असते आणि गिअरपेटी उतरवण्याचे कारण उरत नाही. ही तपासणी चाके अडवून, गाडीखाली कोणीही नसताना, बाजूने दुरून केली जाते.

आवाजावरून पुढीलप्रमाणे अनुमान काढले जाते :

* न्यूट्रलमध्ये आवाज येतो व क्लच दाबताच थांबतो : इनपुट शाफ्ट किंवा काउंटर शाफ्टचे बेअरिंग.
* क्लच दाबल्यावरच आवाज येतो : रिलीज बेअरिंग किंवा पायलट बेअरिंग.
* एकाच गिअरमध्ये आवाज येतो : त्या गिअरचे दाते.
* थेट गिअर वगळता सर्व गिअरमध्ये आवाज येतो : काउंटर शाफ्ट व त्याची बेअरिंगे, कारण थेट गिअरमध्ये या शाफ्टवर भार नसतो.

एखादा गिअर सटकत असल्यास त्याचे पकडदाते, फोर्क, रोधक स्प्रिंग व पेटीचे माउंटिंग यांची झीज तपासली जाते.

काढलेल्या तेलाची तपासणी निर्णायक ठरते. चुंबकीय बोल्टवरील बारीक करडा लेप ही सामान्य झीज असते. पिवळे कण सिंक्रोनायझर कड्यांची, तर पोलादी टवके किंवा तुकडे दाते वा बेअरिंग फुटल्याची खूण असतात. असे तुकडे आढळल्यावर ट्रक चालवत राहिल्यास पेटीचे बाह्य आवरणही फुटू शकते.

स्वयंचलित पेटीचे निदान

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या पेटीत क्लच पेडल नसते. तेलाच्या दाबाने आतील क्लच-संच जोडले जातात. येथे प्रथम तेलाची पातळी, रंग व वास पाहतात. काळसर, करपट वासाचे तेल क्लच-संच जळाल्याचे सुचवते. त्यानंतर नियंत्रकातील दोष-संकेत वाचले जातात. सोलेनॉइड किंवा वायरिंग यांतील दोष असल्यास संपूर्ण पेटी बदलावी लागत नाही. स्टॉल चाचणीत ब्रेक लावून व गिअर टाकून इंजिन काही सेकंदच पूर्ण वेगाने चालवतात. निर्धारित मर्यादेपेक्षा वेग जास्त आल्यास आतील क्लच घसरत असतात. कमी आल्यास इंजिन किंवा कन्व्हर्टर सदोष असतो. एएमटी पेटीत हवेचा दाब अपुरा असल्यासही गिअर पडत नाही. म्हणून वायुगळती आधी शोधली जाते.

दुरुस्ती की बदल

केवळ बेअरिंग, सील किंवा सिंक्रोनायझर कडी झिजली असल्यास पेटी उघडून ते भाग बदलणे परवडते. अनेक गिअर, शाफ्ट व आवरण यांची हानी झाली असल्यास नवी, पुनर्निर्मित किंवा भंगारातील ट्रकची पेटी बसवली जाते. टाटा मोटर्ससारख्या उत्पादकांकडे जुना संच देऊन पुनर्निर्मित संच घेण्याची सोय असते. भंगारातील पेटी स्वस्त असली तरी तिची झीज बाहेरून कळत नाही. म्हणून वरचे झाकण काढून दाते पाहणे व शाफ्टमधील ढिलाई हाताने तपासणे हितावह असते. मॉडेल, गिअर-गुणोत्तर व इनपुट शाफ्टच्या खाचा मूळ पेटीशी जुळणे आवश्यक असते. गुणोत्तर भिन्न असल्यास चढावरील ओढ व इंधनखर्च बदलतो.

बदलण्याची पद्धत

# ट्रक सपाट, कडक जमिनीवर उभा करून चाके ठोकळ्यांनी अडवतात व बॅटरीची जोडणी काढतात.
# तेल काढून घेतात. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर खुणा करून तो सोडवतात; चुकीच्या स्थितीत जोडल्यास कंपने निर्माण होतात.
# गिअर लिव्हरची जोडणी, वेगमापकाची केबल, रिव्हर्स दिव्याच्या तारा व क्लचचा सिलिंडर सोडवतात.
# पेटीला गिअरबॉक्स जॅकचा आधार देऊन मगच बेल-हाउसिंगचे बोल्ट काढतात. पेटी सरळ रेषेत मागे ओढतात. तिचे वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळू दिल्यास क्लच प्लेट वाकते. मालट्रकची पेटी शंभर किलोहून अधिक वजनाची असू शकते, त्यामुळे ती केवळ हातांनी उतरवणे धोकादायक असते.
# पेटी खाली असतानाच क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज व पायलट बेअरिंग, फ्लायव्हील आणि इंजिनाचे मागचे सील तपासतात. हे भाग नंतर बदलायचे झाल्यास सर्व श्रम पुन्हा करावे लागतात.
# क्लच प्लेट मध्यावर आणून पेटी बसवतात. बोल्ट आवळून पेटी आत खेचली जात नाही. आधी ती पूर्ण टेकली पाहिजे.
# निर्धारित तेल भरून, क्लच समायोजित करून, प्रथम रिकाम्या व नंतर भरलेल्या ट्रकची चाचणी घेतात.

स्वयंचलित पेटी बदलताना तेल थंड करणारा कूलर व त्याच्या नळ्या धुणे किंवा बदलणे आवश्यक असते. तसे न केल्यास जुन्या पेटीतील धातूकण नव्या पेटीत जाऊन तीही निकामी होते.

नोंदणी व कागदपत्रे

वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिन व चासी क्रमांक असतात. गिअरपेटीचा क्रमांक नसतो. तरीही बदललेल्या पेटीचा क्रमांक, बदलाच्या वेळचे किलोमीटर आणि वापरलेल्या तेलाचा दर्जा यांची नोंद ठेवल्यास पुढील देखभाल व हमीसाठी उपयोग होतो.

हेही पहा

* क्लच
* डिफरेन्शियल
* टॉर्क कन्व्हर्टर
* मुरगूड