कर्जाचा कागद कोणाच्या भाषेत?

काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातील एक बुजुर्ग हातात नोटीस घेऊन आमच्या दारी आले. भाच्याने कर्ज काढले होते, हप्ते थकले होते आणि वसुलीची नोटीस चाचांच्या नावाने आली होती. ते पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "बेटा, आम्ही फक्त साक्षीदार म्हणून सही केली." आम्ही कागद पाहिला. सहीखाली इंग्रजीत शब्द होता 'गॅरंटर'. त्याच वेळी कोणी त्यांना 'चाचा, तुम्ही जामीन राहता आहात' एवढे सांगितले असते, तर त्यांनी लेखणी हाती घेण्यापूर्वी दहादा विचार केला असता. जामीन म्हणजे काय, हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते. ठाऊक नव्हता तो गॅरंटर.

त्या दिवसापासून आम्ही पैशाच्या शब्दांचा माग काढू लागलो, तेव्हा एक गंमत लक्षात आली. मराठी माणसाच्या हिशेबाच्या वहीतील निम्मे शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, कर्ज, नफा, किंमत, दलाल, सराफ, जामीन, जप्ती. बहामनी आणि पुढच्या सुलतानांच्या काळात ते दफ्तरात आले आणि दफ्तरातून बाजारात उतरले. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंतांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला आणि दरबारी यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. कारभारातील अनेक शब्द त्यामुळे बदललेही. पण बाजारातील जमा-खर्च-बाकी तशीच राहिली. कारण एव्हाना हे शब्द परके उरले नव्हते. ज्या शब्दांत शेतकरी आपले दुःख सांगतो, ते शब्द त्याचेच होतात.

हिशेब आपल्या भाषेत असला, तरी कागद आपल्या हाती असतोच असे नाही. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्यावर दावा लावण्याची मुदत साधारण तीन वर्षांवर आणली. हेतू रयतेच्या भल्याचा होता, पण परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार जुने व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. रोखा मोडीत, मराठीत. पण अक्षरओळख नसलेल्या कुणब्याला त्याचा काय उपयोग? तो अंगठा उठवून मोकळा होई. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला आणि तो पुणे-नगर भागात पसरला. त्यात लोकांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर होता. रोखे आणि वह्या मागितल्या गेल्या, हाती येताच जाळल्या गेल्या. जो कागद वाचता येत नाही, त्याची भीती किती खोल असते, हे त्या जाळातून दिसते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्याने न्यायालयाला रोख्यामागचा सगळा व्यवहार मुळापासून तपासण्याचा अधिकार दिला. शेतकऱ्याचा रोखा ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, अशी तरतूदही केली. म्हणजे लिहिणारा तिसरा, निःपक्ष माणूस हवा, हे इंग्रज सरकारलाही मान्य करावे लागले.

आपल्या वाचकांना इथे कुरआन शरीफमधील सर्वांत दीर्घ आयत आठवेल. सूरह बकरातील ही 282 वी आयत कर्जाच्या लिखापढीविषयी आहे. मुदतीचे कर्ज लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार घ्यावेत, हे आपण मिंबरवरून अनेकदा ऐकतो. पण त्यातील एका गोष्टीकडे आमचे लक्ष उशिरा गेले. मजकूर सांगायचा कोणी? ज्याच्यावर कर्जाचा भार आहे त्याने. त्याला ते जमत नसेल तर त्याच्या वलीने न्यायाने सांगावे. देणेकऱ्याने स्वतःच्या तोंडाने मजकूर सांगायचा, म्हणजे त्यातील एकही शब्द त्याला अनोळखी राहणार नाही. सुप्याच्या कुणब्याला आणि आमच्या चाचांना नेमका हाच हक्क मिळाला नव्हता.

मग शब्द इंग्रजी कसे झाले? 1840 मध्ये मुंबईत बँक ऑफ बॉम्बे सुरू झाली. पुढे 1872 चा कराराचा कायदा, 1881 चा चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा, 1882 चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आले. सारे इंग्रजीत. त्यातही 1881 च्या कायद्याने देशी भाषांतील हुंडीच्या रिवाजांना हात लावला नाही. पण बँकेच्या खिडकीपलीकडची भाषा बदलली ती बदललीच.

इंग्रजीला नावे ठेवून मात्र काही साधणार नाही. तीही आपल्यासारखीच उसनवारी करून श्रीमंत झाली आहे. तिचा 'टॅरिफ' अरबी 'तारीफ'वरून आला, सोन्याचा 'कॅरट' 'कीरात'वरून. 'रुपी' तर शेरशाह सुरीच्या चांदीच्या रुपयाचाच वारस. तेव्हा हे शब्द शिकताना लाज कशाची? प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल. मॉर्गेज म्हणजे गहाण. हायपॉथिकेशन म्हणजे नजरगहाण; रिक्षा आपल्या दारात, पण तिच्यावर बोजा बँकेचा. डिफॉल्ट म्हणजे हप्ता चुकवणे, थकबाकीत जाणे.

एक शब्द मात्र फार फसवा आहे, 'फ्लॅट रेट'. एक लाख रुपये एका वर्षासाठी 12 टक्के फ्लॅट दराने घेतले आणि बारा समान हप्त्यांत फेडले, तर व्याज 12,000 रुपये होते. पण दरमहा मुद्दल फिटत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावरच मोजले जाते. घटत्या बाकीवर हिशेब केला, तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. बचतगटात बसणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हा एक हिशेब समजला, तरी पुष्कळ झाले.

रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2024 पासून व्यक्तिगत आणि लहान उद्योगांच्या नव्या मुदत कर्जांसाठी एक नियम लागू केला आहे. कर्जाचा खरा वार्षिक दर आणि सर्व खर्च सांगणारे मुख्य माहितीपत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचे, ते समजावून सांगायचे आणि समजल्याची पोचही घ्यायची. हक्क कागदावर आला आहे. तो मागायला तोंड मात्र आपणच उघडले पाहिजे.

चाचांनी ती रक्कम दोन वर्षांत फेडली. भाच्याशी बोलणे सोडले नाही. आता मोहल्ल्यात कोणी कर्जाचा कागद घेऊन आला, की तेच आधी विचारतात, "यात काय लिहिले आहे, ते आधी तुझ्या तोंडाने सांग. मग सही कर."