कथलाच्या पाटल्या, लोखंडाचे दागिने आणि क्लॅरिनेटचे लिगेचर

क्लॅरिनेटच्या लिगेचरसारख्या बोटभर वस्तूवर आंबेडकरी कार्यकर्त्याने लेख लिहावा, याचे काही मित्रांना हसू येईल. आरक्षण, शिक्षण, अत्याचार हे विषय सोडून हे काय नवीन? पण मित्रांनो, 'एवढ्यातेवढ्यावर काय बोलायचे' असे ज्या गोष्टींबद्दल आपल्याला वाटते, तिथेच जात सगळ्यात खोल मुरलेली असते.

मुळशी तालुक्यात, पौड रस्त्यावरच्या आमच्या कासार आंबोलीच्या परिसरात एप्रिल उजाडला की लग्नसराई आणि भीमजयंती एकदमच येतात. दोन्हीकडे वाजवणारे हात बऱ्याचदा तेच असतात. क्लॅरिनेट शिकणाऱ्या एका पोराने मला मोबाईलवर दोन लिगेचरचे फोटो दाखवले. एक पॅरिसच्या नामांकित कंपनीचे, काही हजारांचे. दुसरे दिसायला हुबेहूब तसेच, नावही जवळजवळ तेच कोरलेले, पण काही शेकड्यांत मिळणारे. मंडळातल्या कुणीतरी त्याला सल्ला दिला होता : आपल्याला काय, मिरवणुकीत तर वाजवायचे, घे स्वस्तातले.

'आपल्याला काय' या दोन शब्दांचा इतिहास फार जुना आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. क्लॅरिनेटच्या माउथपीसवर एक पातळ रीड बसवलेली असते. फुंकल्यावर ती थरथरते आणि सूर निघतो. ही रीड माउथपीसच्या सपाट बाजूला आवळून धरणारी पट्टी म्हणजे लिगेचर. तिचा दाब दोन्ही बाजूंनी सारखा हवा. दाब कमीजास्त झाला की रीड तिरकी सरकते, फटीतून हवा जाते, सूर फाटतो, ऐन वरातीत 'चीं' असा आवाज निघतो आणि लोक वाजवणाऱ्याला हसतात, लिगेचरला नाही. नकली मालात पत्रा पातळ असतो, चार-सहा महिन्यांत स्क्रूचे आटे झिजतात, कडा रीडमध्ये रुतते. रीड तर वारंवार विकत घ्यावी लागते. म्हणजे स्वस्त लिगेचर महाग रीड खाते. आमच्या गावाच्या नावात कासार आहे. मुलाम्याखालचे पितळ किती जाडीचे आहे हे ओळखणे ही कासाराची पहिली विद्या. निकेलच्या चकाकीला भुलणाऱ्यांनी निदान गावाच्या नावाची तरी लाज राखावी.

आता 'आपल्याला काय' कडे वळू. कोणी कसल्या दर्जाची वस्तू वापरावी, हे या देशात बाजाराने ठरवायच्या आधी धर्मशास्त्राने ठरवले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी नियम आहेत : त्यांची भांडी फुटकी असावीत, वस्त्रे प्रेताच्या अंगावरची असावीत, दागिने लोखंडाचे असावेत. त्याच अध्यायात पुढे, सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न, जुनी वस्त्रे, धान्यातले पोचट दाणे आणि घरातले जुने सामान द्यावे असे सांगितले आहे. नीट वाचा. हा गरिबीचा उल्लेख नाही. गरिबाकडे वस्तू नसते ही वेगळी गोष्ट, आणि अमुक माणसाकडे चांगली वस्तू असताच कामा नये हा कायदा वेगळा. या शास्त्राने हलका दर्जा हीच माणसाची ओळख केली.

हा फक्त पोथीतला नियम होता असे कुणी म्हणेल, तर त्याने बाबासाहेबांचा 'जातिप्रथेचे निर्मूलन' हा १९३६ चा ग्रंथ उघडावा. त्यात १९२८ सालचे इंदूर संस्थानातले बलाई समाजाचे प्रकरण आहे. कनारिया, बिचोली हाफसी, बिचोली मर्दाना आणि आणखी सुमारे पंधरा गावांतल्या सवर्णांनी बलायांना एक यादी दिली. जरीकाठाची पगडी घालायची नाही. रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. आणि याच यादीत आणखी एक कलम : हिंदूंच्या प्रत्येक लग्नात बलायांनी वरातीपुढे वाद्ये वाजवायची. मोबदला मागायचा नाही, दिले तर घ्यायचे. बलायांनी नकार दिला तेव्हा त्यांना विहिरीवर पाणी भरू दिले नाही, गुरे चारू दिली नाहीत, आणि कितीतरी कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून शेजारच्या संस्थानांत जावे लागले.

दागिन्यांची बंदी आणि वाजवण्याची सक्ती एकाच कागदावर का आली? आपल्याकडे या प्रकरणाचा उल्लेख होतो तो पगडी आणि दागिन्यांसाठी, वाजवण्याचे कलम मात्र सटकून जाते. मला तेच कलम महत्त्वाचे वाटते. दुसऱ्याच्या आनंदात तुम्ही वाजवायचे, पण तुमच्या अंगावर आनंदाची एकही खूण दिसू द्यायची नाही. त्याच ग्रंथात जयपूर संस्थानातल्या चकवाऱ्याचे प्रकरण येते. तिथे अस्पृश्यांनी आपल्याच पैशाने केलेल्या जेवणावळीत तूप वाढले म्हणून सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले. खरी अडचण हीच होती, की तूप अस्सल होते.

म्हणून महाडला जे झाले ते या दृष्टीनेही पाहावे लागते. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली, हे आपण दरवर्षी सांगतो. त्यानंतर दोनच दिवसांनी बाबासाहेब तिथे जमलेल्या स्त्रियांशी बोलले, हे कमी सांगतो. लुगडे कसे नेसावे इथपर्यंत ते बोलले. गळ्यातल्या ढीगभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या किंवा चांदीच्या पाटल्या या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या टाका, आणि दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. एवढा मोठा विद्वान बायकांच्या पाटल्यांवर का बोलला? कारण त्यांना ठाऊक होते की ग्रंथ जाळला तरी त्याची कलमे लोकांच्या मनगटावर शिल्लक राहतात. इथे बाबासाहेब उधळपट्टी शिकवत नव्हते. हलक्या धातूचे ओझे नको, घ्यायचे तर खरे घ्या, नाहीतर हात मोकळा ठेवा, असा तो विचार होता. लिगेचरच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला तिथेच सापडते.

उरलेले निम्मे उत्तर आपल्याला बोचणारे आहे. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत हलगी आणि सनई बलुत्याच्या व्यवस्थेत मातंग समाजाच्या गळ्यात होती. देवळात पाऊल ठेवायचे नाही, पण देवाची पालखी वाजवायची. मांडवात बसायचे नाही, पण मांडवाबाहेर घाम गाळायचा. मोबदला म्हणून धान्याची पेंढी आणि उरलेसुरले अन्न. हलगीचे कातडे फाटले तर दुरुस्तीचा खर्च वाजवणाऱ्याचा. महार समाज वतनाच्या वेठीतून बाहेर पडायला धडपडत होता. १८७४ च्या वतन कायद्यात बदल करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, आणि शेवटी १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने संपली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या लोकांनी गावकीची हलकी कामे टाकली, आणि योग्यच केले. पण त्या भरात वाजवण्याची सक्ती आणि वाजवण्याची कला यांतला फरक आपण पुसून टाकला. वाजवणारा म्हणजे अजून गुलामीत असलेला, अशी एक नजर आपल्याही वस्त्यांत आली. ती नजर मनूचीच आहे, फक्त चष्मा आपला आहे. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकले. भीमराव कर्डकांच्या जलशाने आणि वामनदादांच्या गाण्यांनी चळवळ गावोगाव नेली. ते काय हवेतून वाजले? कुणाच्या तरी हातात ढोलकी होती, कुणाच्या तरी हातात पेटी होती, आणि ती वेळेवर सुरात लावलेली होती.

क्लॅरिनेट आपल्याकडे आले ते इंग्रजी पलटणींच्या बँडमधून. पुढे लग्नाचे बँड उभे राहिले आणि देशी कारखानदारीही वाढली. मेरठची नादिर अली कंपनी १८८५ ची. या बँडने एक मोठी गोष्ट केली. बलुत्याच्या जागी रोख सुपारी आली, फाटक्या धोतराच्या जागी बटणांचा गणवेश आला. पण वाजवणारे बऱ्याच ठिकाणी त्याच जातींतले राहिले, आणि गणवेश खाली ठेवला की वागणूकही तीच. जुने वाद्य, जुने माउथपीस, हाताला लागेल ते लिगेचर. 'बँडवाल्याला काय कळते' हे ऐकत आयुष्य काढायचे. वास्तविक उघड्या रस्त्यावर, उन्हात, चालता चालता, ढोलांच्या गदारोळात क्लॅरिनेटचा सूर टिकवणे हे सभागृहात बसून वाजवण्यापेक्षा अवघड आहे. दणकट आणि नीट पकड घेणाऱ्या लिगेचरची गरज त्यालाच जास्त.

म्हणजे पॅरिसचेच घ्यावे काय? नाही, आणि इथे थोडे थांबायला हवे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात बाबासाहेबांनी गॅब्रिएल टार्ड या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा आधार घेऊन दाखवले, की जात वरून खाली अनुकरणाने पसरली. ब्राह्मणांनी दारे लावून घेतली, इतरांनी त्यांचे पाहून आपापली लावली. अनुकरणात मूळ वस्तूचा गुण येत नाही, तिचा दिमाख तेवढा येतो. नकली लिगेचर नेमके हेच विकते. तिथे दर्जा मोजलेला नसतो, फक्त नाव कोरलेले असते. ते विकत घेणारा माणूस 'मीही त्यांच्यासारखाच' एवढे समाधान घेऊन घरी येतो, आणि सूर तिथेच राहतो. आपल्या काही घरांत सत्यनारायण परत आला तो याच वाटेने.

त्यामुळे स्वस्त आणि नकली हे दोन शब्द वेगळे ठेवले पाहिजेत. भारी लिगेचरने सूर किती बदलतो यावर वाजवणाऱ्यांतच जगभर वाद आहेत. रीड सरळ बसणे आणि दाब सारखा राहणे, एवढे मात्र कुणी नाकारत नाही. हे साधणारे बिननावाचे साधे पितळी लिगेचर चांगलेच. आणि त्याहून स्वस्त, तरीही पूर्ण अस्सल असा एक मार्ग आहे : दोरा. क्लॅरिनेटची रीड सुरुवातीला दोऱ्यानेच बांधत. धातूच्या, स्क्रूच्या पट्टीचे श्रेय इव्हान म्युलरला देतात. त्याचे तेरा चाव्यांचे क्लॅरिनेट १८१२ मध्ये पॅरिसच्या संगीत विद्यालयातल्या पंडितांनी नाकारले होते, पण वाजवणाऱ्यांनी उचलून धरले. (पंडितांचे हे जगभर असेच असते.) धातू आला तरी जर्मनीतल्या कितीतरी वादकांनी दोरा सोडला नाही, आजही सोडलेला नाही. आपल्या सनईची पत्तीही दोऱ्यानेच बांधतात. आणखी एक गंमत : परदेशी कंपन्या आता चामड्याचे लिगेचर मोठ्या किमतीला विकतात. आपल्याकडे चामड्याला हात लावणाऱ्याला गावाबाहेर बसवले.

त्या पोराला मी एवढेच सांगितले : नाव कोरलेले नकली घेऊ नकोस. पैसे साठेपर्यंत रीड ओली करून, तिचे टोक माउथपीसच्या टोकाशी जुळवून, जाड सुती दोऱ्याचे वळसे एकमेकांना लागून घट्ट घे आणि वाजव. नंतर दुकानात जाऊन, हातात घेऊन, स्क्रू चारदा फिरवून बघून खरे ते घे.

मंडळांना मात्र वेगळे सांगायचे आहे. पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १४ एप्रिल १९२८ रोजी पहिली भीमजयंती साजरी केली, असे आपण अभिमानाने सांगतो. त्याच जिल्ह्यात आज जयंतीच्या जमाखर्चात डीजेच्या भिंतीसाठी मोठी रक्कम असते आणि वाजवणाऱ्यांसाठी 'बँड, किरकोळ' अशी ओळ असते. पुढच्या बैठकीत ती ओळ खोडून तिथे दोन नोंदी करा : वादकांचे मानधन, आणि वाद्य दुरुस्ती. दुसऱ्या नोंदीतून काय घ्यायचे ते वाजवणाऱ्यांनाच ठरवू द्या.