एकदा लिहायचं की दोनदा? ॲपच्या एका जुन्या वादाची गोष्ट

धंद्यासाठी ॲप करायचं ठरलं की एक प्रश्न येतोच. आयफोन आणि अँड्रॉइडसाठी वेगवेगळं ॲप लिहायचं, म्हणजे नेटिव्ह, की एकदाच लिहून दोन्हीकडे चालवायचं, म्हणजे क्रॉस-प्लॅटफॉर्म? बरेच जण कोटेशनचे दोन आकडे शेजारी ठेवतात आणि स्वस्त ते उचलतात. पण ही निवड पुढची चार-पाच वर्षं सांभाळावी लागते. म्हणून आज, ज्यांनी ती सांभाळली त्यांचा इतिहास बघू.

सुरुवात गंमतशीर आहे. जून २००७ मध्ये पहिला आयफोन विक्रीला आला तेव्हा ॲप स्टोअर नव्हतंच. स्टीव्ह जॉब्ज यांनी डेव्हलपरांना सांगितलं होतं, सफारीत चालणारी वेब ॲप्स बनवा. डेव्हलपरांना ते काही पटलं नाही. ऑक्टोबरमध्ये ॲपलने एसडीके देणार असं जाहीर केलं आणि जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडलं. त्याच वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन आला. एकीकडे ऑब्जेक्टिव्ह-सी, दुसरीकडे जावा. तोच स्क्रीन दोनदा लिहायचा, बग मात्र दोन्हीकडे वेगळे! ही डबल मेहनत वाचवायला फोनगॅपसारखी साधनं निघाली. वेबपेज घ्यायचं आणि ॲपच्या डब्यात बसवायचं, एवढी सोपी कल्पना.

याच वाटेवर सर्वात मोठी ठेच लागली ती फेसबुकला. त्यांच्या ॲपचा बराचसा भाग आत एचटीएमएल-५ होता. फायदा खरा होता, कारण बदल सर्व्हरवर केला की सगळीकडे दिसायचा. पण फीड अडखळायचं आणि लोक वैतागायचे. मे २०१२ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली होती आणि मोबाइलवर कमाई कशी होणार, असं गुंतवणूकदार विचारत होते. ऑगस्टमध्ये त्यांनी आयफोनचं ॲप नेटिव्ह करून पुन्हा लिहिलं, डिसेंबरमध्ये अँड्रॉइडचं. एचटीएमएल-५ वर जास्त भिस्त ठेवणं ही मोठी चूक होती, असं झुकरबर्ग यांनी त्याच सप्टेंबरमध्ये जाहीरपणे कबूल केलं.

मग नेटिव्ह जिंकलं? थांबा. याच फेसबुकने २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह सगळ्यांसाठी खुलं केलं. लिहायचं जावास्क्रिप्टमध्ये, पण स्क्रीनवर दिसणारं बटण त्या त्या फोनचं अस्सल. दोन डगरींवर पाय ठेवायची ही नवी युक्ती.

एअरबीएनबीने २०१६ मध्ये ती उचलली आणि जून २०१८ मध्ये सोडत असल्याचं जाहीर केलं. त्यांनी लिहिलेली कारणं मुळातून समजून घेण्यासारखी आहेत. त्यांचं मोठं नेटिव्ह ॲप आधीपासून होतं, त्यात हे मधेच घुसवलं. त्यामुळे दोन प्लॅटफॉर्मचे एक होण्याऐवजी तीन झाले. एखादा बग जावास्क्रिप्टमध्ये आहे की नेटिव्ह कोडमध्ये, हे शोधायला दोन्ही येणारा माणूस लागायचा. गंमत म्हणजे, त्यांच्याच सर्व्हेमध्ये निम्म्याहून जास्त इंजिनिअर म्हणाले की आम्ही पुन्हा हेच निवडू.

ड्रॉपबॉक्सची गोष्ट याहून बोलकी. त्यांनी २०१३ च्या सुमारास दोन्ही ॲप्सचा सामाईक भाग सी++ मध्ये लिहायला घेतला. २०१९ मध्ये त्यांनी तो नाद सोडल्याचं सांगितलं. वेगाचा प्रश्न नव्हता. स्वतःची टूल्स स्वतःच सांभाळावी लागत होती आणि मोबाइलवर सी++ लिहिणारे अनुभवी लोक मिळत नव्हते. जाणकार माणसं सोडून गेली की कोड पोरका.

उलट शॉपिफायने २०२० मध्ये रिॲक्ट नेटिव्ह निवडलं आणि पुढच्या पाच वर्षांत आपली मोबाइल ॲप्स त्यावर आणली. फरक कुठे पडला? त्यांनी तो अख्ख्या कंपनीचा निर्णय केला, आणि जिथे गरज लागेल तिथे नेटिव्ह लिहिणारी माणसंही ठेवली.

या चार गोष्टींत वेगामुळे निर्णय फिरला तो एकदाच, फेसबुकचा. नंतर फोन सुधारले, साधनंही सुधारली. डिसेंबर २०१८ मध्ये फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती आली, ते तर स्क्रीन स्वतःच रंगवतं. पण माणसांचा हिशेब तसाच राहिला.

म्हणून कोटेशन घेताना तीन प्रश्न विचारा. आपल्या ॲपला कॅमेरा, ब्लूटूथ, मागे सतत चालणारं लोकेशन असं जड काम आहे का? असेल तर नेटिव्हचा भाग लागणारच, तो आत्ताच हिशेबात धरा. नुसती यादी, ऑर्डर आणि पेमेंट असेल तर एकदा लिहिलेलं बहुतेक पुरतं. दुसरं, आधीचं ॲप आहे का? असेल तर एअरबीएनबीचा तिसरा प्लॅटफॉर्म आठवा. आणि तिसरं, बनवणारा गेल्यावर हे सांभाळणारा माणूस आपल्या गावात, आपल्या पगारात मिळेल का?

तिसऱ्याचं उत्तर कोटेशनवर कधीच छापलेलं नसतं. ते तोंडानेच विचारावं लागतं, सही करायच्या आधी.

भेटू पुढच्या भागात.