भिंतीतल्या जुन्या तारा

घरातले दिवे-पंखे दुरून चालवण्याचा इतिहास बहुधा चिपचा इतिहास म्हणून सांगितला जातो. चिप स्वस्त झाली, रेडिओलहरी आल्या, हातात मोबाइल आला आणि घर ‘स्मार्ट’ झालं. माझ्या मते या तंत्राला वळण लावलं ते भिंतीत आधीपासून असलेल्या तारांनी. घराबाहेरच्या दिव्या-पंख्यांच्या बाबतीत तर हे फारच ठळकपणे दिसतं.

१९७५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लेनरोथसच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने एक्स-टेन ही पद्धत तयार केली. कॅल्क्युलेटरच्या चिप बनवणाऱ्या या कंपनीचा तो दहावा प्रकल्प, म्हणून हे नाव. नव्या तारांसाठी कुणी भिंती फोडू देणार नाही, हे ओळखून तिने निरोप विजेच्याच तारेतून पाठवला. एसी विजेचा दाब दर सेकंदाला कितीतरी वेळा शून्यावर येतो. नेमक्या त्या क्षणी १२० किलोहर्ट्झचा, एक मिलिसेकंद टिकणारा स्पंद सोडायचा: स्पंद आला तर एक, नाही आला तर शून्य. घरं वेगळी ओळखायला सोळा घरखुणा आणि प्रत्येकीत सोळा उपकरणं, असे एकूण २५६ पत्ते होत. १९७८ पासून अमेरिकेत ही खोकी रेडिओ शॅक आणि सिअर्सच्या दुकानांत मिळू लागली. कल्पना देखणी होती, पण तारांचे दोषही तिच्या वाट्याला आले. अमेरिकी घरात १२० व्होल्टच्या दोन बाजू येतात; एका बाजूचा निरोप दुसरीवर पोचेलच असं नसे. उलट ट्रान्सफॉर्मर सामाईक असला की तोच निरोप शेजाऱ्याकडे जाई. घरखुणांची गरज त्यामुळेच होती. पंख्याचं दुखणं आणखी वेगळं. साध्या बल्बला चालणारा डिमर मोटरला लावला की ती गुणगुणायची, तापायची. त्यामुळे ओसरीवरचा पंखा दुरून नुसता चालू-बंद व्हायचा; वेग बदलायला साखळीच ओढावी लागे.

रेडिओने हे बंधन संपवलं, असा आक्षेप कुणी घेईल. कोपनहेगनच्या झेन्सिसची झी-वेव्ह आणि मग झिगबी या बिनतारी पद्धती आल्यावर निरोपाला तार लागेनाशी झाली, हे खरंच. पण निरोप ऐकण्यासाठी बटणाला स्वतःला सतत वीज हवी आणि त्यासाठी बहुधा न्यूट्रल, म्हणजे विजेच्या परतीची तार, हवी. जुन्या अमेरिकी घरांत बटणापाशी अनेकदा फक्त फेज येई आणि दिव्याकडे परत जाई. बटणाच्या पेटीत न्यूट्रल असावी, असा नियम तिथल्या विद्युत संहितेत २०११ साली आला, तोही नव्या कामापुरता. घराबाहेर तर ओलही आहे. बाहेरच्या सॉकेटला गळती ओळखून वीज तोडणारं साधन अमेरिकेत १९७३ पासून सक्तीचं आहे. सुमारे पाच मिलिअँपियर गळतीलाही ते वीज तोडतं. रेडिओ कितीही चांगला असो, मातीतून गेलेल्या केबलचं आवरण खराब असेल तर अंगणातला दिवा बंदच राहतो.

आपल्याकडे एकाच बोर्डावर बटणं आणि सॉकेट असतात, मग न्यूट्रल हाताशीच असते, असंही कुणी म्हणेल. घरातल्या बोर्डांपुरतं ते पटतं. गच्चीवर किंवा फाटकापाशी नंतर ओढलेल्या तारेच्या टोकाला, एकट्या बटणाशी मात्र तशी खात्री देता येत नाही. म्हणून घर बांधणाऱ्यांना विनंती: कोणत्या कंपनीचं स्मार्ट बटण घ्यायचं हे नंतर ठरवा. आधी वायरमनला प्रत्येक बटणापाशी न्यूट्रल द्यायला आणि ओसरी-गच्चीपर्यंत एक जादा रिकामा पाइप टाकून ठेवायला सांगा.