खगोलशास्त्र शिकायचे, तर पदवी भौतिकशास्त्राची का?

बारावीनंतर खगोलशास्त्र शिकायचे ठरवलेल्या विद्यार्थ्याची पहिली अडचण प्रवेशअर्ज भरताना येते. महाविद्यालयांच्या यादीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित असते, 'बी.एस्सी. खगोलशास्त्र' बहुधा नसतेच. मग काही जण बेत सोडून देतात, तर काही जण केवळ नावात 'स्पेस' आहे म्हणून भरमसाट शुल्काचा अभ्यासक्रम निवडतात. दोन्हीची गरज नाही. भारतात या विषयाकडे नेणारा मुख्य रस्ता भौतिकशास्त्राच्या साध्या पदवीतूनच जातो.

भौतिकशास्त्रच का?

ताऱ्याचा तुकडा प्रयोगशाळेत आणून तपासता येत नाही. हाती येतो तो मुख्यतः त्याचा प्रकाश किंवा रेडिओ लहरी. त्यांतून तापमान, वेग, अंतर, घटकद्रव्ये काढायची तर भौतिकशास्त्राचे नियमच कामी येतात.

एक उदाहरण पाहू. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेडिओ लहर सोडतो. ती का सुटते, हे पुंजभौतिकी सांगते. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या दीर्घिकेतून निघालेली लहर आपल्यापर्यंत येताना ताणली जाते. ती किती ताणली जाईल, हे सापेक्षतेच्या सिद्धान्तातून कळते. सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली लहर आज जवळपास ४२ सेंटिमीटरची झालेली असते.

ती टिपण्यासाठी नारायणगावजवळ खोडद येथे 'जीएमआरटी' ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. त्यांच्या ४३५ जोड्यांमधून येणाऱ्या संकेतांचे चित्र बनवायला फूरिये गणित लागते. २०२०मध्ये याच दुर्बिणीने इतक्या दूरच्या दीर्घिकांमधील हायड्रोजन मोजला गेला. एकेका दीर्घिकेचा संकेत फारच क्षीण होता. म्हणून हजारो दीर्घिकांचे संकेत एकत्र करून त्यांची सरासरी काढावी लागली, म्हणजे संख्याशास्त्र आणि संगणक प्रोग्रॅमिंगही आले. त्या शोधनिबंधाचा पहिला लेखक तेव्हा पीएच.डी.चा विद्यार्थी होता.

बी.एस्सी.च्या वर्गात कंटाळवाणे वाटणारे हे विषय प्रत्यक्ष संशोधनात असे एकत्र येतात.

प्रवेशाचे मार्ग कोणते?

पहिली अट अकरावीतच येते: गणित सोडू नये. त्यानंतर तीन मार्ग सर्वाधिक रुळलेले आहेत.

पहिला, कोणत्याही चांगल्या महाविद्यालयातून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. आणि मग एम.एस्सी. आयआयटींमधील एम.एस्सी.साठी 'जॅम' ही परीक्षा असते. आयआयटी इंदूरसारख्या काही ठिकाणी खगोलशास्त्राची स्वतंत्र एम.एस्सी.ही आहे.

दुसरा, बारावीनंतर थेट पाच वर्षांचा अभ्यासक्रम. पुण्यासह अनेक शहरांतील आयसर, भुवनेश्वरचे नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातील 'सीईबीएस' हे त्यातले पर्याय.

तिसरा, अभियांत्रिकी. दुर्बिणी, संवेदक आणि माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या यंत्रणा उभारायला अभियंते लागतातच, आणि भौतिकशास्त्राची तयारी असेल तर अभियंत्यांना पीएच.डी.कडेही वळता येते.

खगोलशास्त्राचे खरे विशेष शिक्षण बहुतेकांच्या बाबतीत पीएच.डी.पासून सुरू होते. पुण्यात त्यासाठी दोन मोठ्या संस्था शेजारी शेजारी आहेत: १९८८मध्ये स्थापन झालेली 'आयुका', जिचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर होते, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे 'एनसीआरए', जे जीएमआरटी चालवते. बेंगळुरू, नैनिताल, अहमदाबाद येथेही अशा संस्था आहेत. प्रवेशासाठी जेस्ट, नेट, गेट किंवा संस्थेची स्वतःची परीक्षा आणि नंतर मुलाखत होते. कुठे कोणती परीक्षा चालते, ते त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावे.

वेळ आणि पैसा किती लागतो?

पदवीची तीन वर्षे, पदव्युत्तर दोन आणि पीएच.डी.ची साधारण पाच, असा दहा वर्षांचा हिशेब धरावा. पीएच.डी.च्या काळात मात्र घरून पैसे मागवावे लागत नाहीत. २०२३पासून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती दरमहा ३७ हजार रुपये आहे. पुढे बहुतेकांना देशात किंवा परदेशात काही वर्षे मुदतीच्या संशोधनपदांवर काढावी लागतात. कायम पदे थोडी आणि इच्छुक जास्त, ही वस्तुस्थिती घरच्यांनाही आधीच सांगितलेली बरी. संशोधनात न राहणारे अनेक जण माहिती-विश्लेषण, सॉफ्टवेअर किंवा अध्यापनाकडे वळतात. तिथे हेच गणित आणि प्रोग्रॅमिंग उपयोगी पडते.

आवड खरी आहे, हे कसे ओळखावे?

आकाशदर्शनाची आवड चांगलीच. पण संशोधकाचा बहुतेक दिवस दुर्बिणीपाशी नाही, तर संगणकासमोर जातो. म्हणून दहा वर्षांचा निर्णय घेण्याआधी कामाची चव घ्यावी. पदवीच्या पहिल्याच वर्षी पायथॉन शिकायला घ्यावे. भारताच्या 'अ‍ॅस्ट्रोसॅट' या अवकाश वेधशाळेची बरीच निरीक्षणे इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. ती उघडून पाहावीत. आयुका आणि एनसीआरएच्या सुट्टीतील विद्यार्थी कार्यक्रमांना अर्ज करावा. एकाच आलेखातली चूक शोधण्यात आठवडा गेला आणि तरीही पुढच्या आठवड्यात तो उघडावासा वाटला, तर हा विषय आपला आहे असे समजायला हरकत नाही.