ब्रेकची किंकाळी

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर भिवंडीतल्या एका गॅरेजातून मी गाडी घेऊन निघालो. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड नवे, डिस्कही नव्या. खिसा हलका झाला होता, पण मन निर्धास्त होतं. कल्याण नाक्याच्या गर्दीत पहिला ब्रेक मारला आणि गाडी अशी किंचाळली, की शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून चाकाकडे पाहिलं. तसाच मागे फिरलो. गॅरेजमधले चाचा शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब, ओरडतोय ना? म्हणजे लागतोय. बसा, बघतो.’’

मी बसलो. शेजारीच यंत्रमागांची शेड होती. खटाखट आवाजात मध्येच एखादा माग गप्प व्हायचा. चाचा म्हणाले, ‘‘सूत तुटलं असेल. मागालाही ब्रेक असतो.’’ खरंच आहे. धोट्यातलं सूत तुटलं की मागातला एक काटा ते ओळखतो आणि माग जागच्या जागी थांबतो. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, की माग आणि ब्रेक यांचं नातं याहून जवळचं आहे. मोटारीच्या ब्रेकचं अस्तर, म्हणजे आपण ज्याला लायनर म्हणतो ते, सुरुवातीच्या काळात चक्क सुताचं होतं.

ही गोष्ट सुरू होते १८८८ साली, जर्मनीत. ऑगस्ट महिन्यात बर्था बेंझ ही बाई दोन मुलांना घेऊन, नवऱ्यानं बनवलेली मोटार त्याला न सांगता घेऊन निघाली. मॅनहाइम ते फोर्झहाइम, सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास. वाटेत उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले. तिनं एका चांभाराला गाठलं आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकच्या लायनरची सुरुवात बहुतेक जण या चामड्यापासून मानतात.

पुढे १८९७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड यानं यावर प्रयोग सुरू केले. उतारावरच्या घोडागाड्यांसाठी त्याला लाकडापेक्षा चांगली पकड हवी होती. त्यानं डांबरासारख्या द्रव्यात मुरवलेल्या सुती कापडाचं अस्तर तयार केलं. पकड उत्तम, पण कापूस तो कापूसच! ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाचं उष्णतेत रूपांतर करणारं यंत्र. कसारा घाट उतरताना भरलेल्या ट्रकचे ब्रेक किती तापतात, हे भिवंडीच्या ड्रायव्हरांना सांगायला नको. तशा उष्णतेत सूत करपतं.

याच सुमारास, १९०२ साली, फ्रेडरिक लँचेस्टर यानं डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यात फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायचं, अशी कल्पना होती. आज आपल्या गाड्यांत तेच असतं. पण त्याच्या चिमटीला तांब्याचं अस्तर होतं. धातूवर धातू घासला, की जे व्हायचं तेच झालं. गाडी थांबायची, पण रस्त्यावरची माणसं कान झाकायची. माझ्या गाडीच्या किंकाळीचा पूर्वज हाच.

तो आवाजही गेला आणि उष्णतेचा प्रश्नही सुटला, तो एकाच वस्तूनं. ती वस्तू म्हणजे ॲस्बेस्टॉस. हे खनिज कापसासारखं पिंजता येतं, कातता येतं, विणता येतं आणि जळत मात्र नाही. १९०७-०८ च्या सुमारास फ्रूडनं ब्रेकसाठी ते वापरायला सुरुवात केली. पितळेच्या तारेबरोबर विणलेलं ॲस्बेस्टॉसचं कापड ब्रेकमध्ये बसलं आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं ब्रेक बरेचसे शांत राहिले.

या शांततेची किंमत मात्र दुसरंच कुणी मोजत होतं. लँकेशायरमधल्या रॉशडेल या कापड विणणाऱ्या गावात, म्हणजे तिथल्या भिवंडीतच म्हणा ना, नेली केरशॉ नावाची बाई गिरणीत ॲस्बेस्टॉसचं सूत कातायची. १९२४ साली, अवघ्या ३३ व्या वर्षी, श्वास कोंडून ती गेली. डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसं तपासली. त्यांत ॲस्बेस्टॉसचे कण रुतलेले सापडले. कंपनीनं तिच्या कुटुंबाला भरपाई दिली नाही. १९३१ साली ब्रिटनमध्ये नियम आले, पण ते कारखान्यातल्या ठराविक कामांपुरते. ब्रेकचा ड्रम उघडून धूळ फुंकणारा मेकॅनिक त्या नियमांबाहेरच राहिला. या खनिजानं कर्करोगही होतो, हे नंतर सिद्ध झालं. ब्रिटननं १९९९ साली त्यावर बंदी घातली. भारतात मात्र आजही सरसकट बंदी नाही.

चांगल्या कंपन्यांच्या पॅडमधून आता ॲस्बेस्टॉस गेलं आहे. त्याच्या जागी धातूचा चुरा, काचेचे किंवा कृत्रिम तंतू, सिरॅमिक अशी मिश्रणं आली. त्यांतली काही कडक असतात, आणि ती जुनी किंकाळी अधूनमधून परत येते. सारंगीचा गज तारेला धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, म्हणून तार वाजते. पॅड आणि डिस्क यांचं तसंच आहे. फरक एवढाच, की इथं वादक बेसूर असतो.

चाचांनी चाक उघडलं. नव्या डिस्कवर गंजू नये म्हणून लावलेला तेलाचा थर नीट पुसलाच नव्हता. तो क्लीनरनं पुसला. कॅलिपरच्या पिना जाम होत्या. त्या साफ करून त्यांना उष्णता सोसणारं ग्रीस दिलं. पॅडच्या पाठीमागची पातळ पत्र्याची शिम जुन्या पॅडबरोबर भंगारात गेली होती, ती नवी बसवली. पॅडच्या पाठीला ग्रीसचा हलका हात फिरवला. ‘‘घासणाऱ्या बाजूला एक थेंबही नको,’’ चाचांनी पोराला बजावलं, ‘‘नाहीतर आवाज जाईल आणि ब्रेकही जाईल.’’ मग मला म्हणाले, ‘‘पहाटे मोकळ्या रस्त्यावर जा. मागे कुणी नाही हे बघून, पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत हळूहळू ब्रेक दाबा. आठ-दहा वेळा. मध्ये थंड होऊ द्या. पॅड आणि डिस्क एकमेकांना ओळखतील.’’

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. काही पॅडना मुद्दाम पत्र्याची छोटी जीभ लावलेली असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासते आणि चिरकते. म्हणजे जो आवाज घालवायला एवढी खटपट झाली, तोच इंजिनिअरांनी राखणदार म्हणून परत ठेवला. जुन्या पॅडचा असा आवाज आला, किंवा खरडल्यासारखी घरघर ऐकू आली, तर चालढकल करू नये.

मला सर्वांत जास्त लक्षात राहिलं ते शेवटचं. दुसऱ्या चाकावरची धूळ उडवायला पोरानं हवेचा पाइप उचलला. चाचांनी तो हातातून काढून घेतला आणि ओलं फडकं दिलं. ‘‘कुठल्या पॅडमध्ये काय आहे, कुणाला माहीत?’’ एवढंच म्हणाले. नेली केरशॉचं नाव त्यांनी कधी ऐकलं नसेल. पोरानं तोंड वाकडं केलं, पण चाक ओल्या फडक्यानंच पुसलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी चाचांनी सांगितलं तसं केलं. आवाज गेला. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा सकाळचा पहिला ब्रेक अजून जरा कुरकुरतो. ओलीनं डिस्कवर आलेला गंज दोन-तीन ब्रेकांत निघून जातो. त्या कुरकुरीबद्दल माझी तक्रार नाही. मात्र गॅरेजात गेलो, की आधी पोराच्या हातात पाइप आहे की फडकं, ते मी बघतो.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)